साखरपुड्याच्या अंगठीसाठी लॅबमधला हिरा घ्यावा की खाणीतला? नाशिकमध्ये घेतोय, बजेट दीड लाख

तुम्ही लिहिलंय की होणारी बायको नर्स आहे, तिला एकच मोठा खडा हवाय, आणि आई म्हणतात, ‘लॅबचा हिरा खोटा, मोडायला गेलं की काही येत नाही.’ मी नाशिकमध्येच एका सराफी पेढीवर हिऱ्यांच्या काउंटरला काम करते. पेढीचं नाव देत नाही, कारण हे उत्तर गिऱ्हाईक आणण्यासाठी नाही.

माझं मत आधीच सांगते: तुम्ही लॅबचा घ्या, पण सगळे दीड लाख त्या अंगठीत घालू नका.

आईंचं पहिलं म्हणणं चूक आहे, दुसरं बरोबर. लॅबचा हिरा खोटा नाही. खोटा म्हणजे अमेरिकन डायमंड, तो झिर्कोनिया. मॉयसनाइट हाही वेगळाच पदार्थ, सिलिकॉन कार्बाइड. लॅबचा हिरा मात्र खाणीतल्या हिऱ्यासारखाच शुद्ध कार्बनचा स्फटिक असतो. कठीणपणा तोच, चमक तीच. तो बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रचंड दाब आणि दीड हजार अंशांच्या आसपास तापमान वापरतात, तिला एचपीएचटी म्हणतात. दुसरी सीव्हीडी. तिच्यात हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन वायूतला कार्बन थराथराने बसवत नेतात. काम काही आठवड्यांत होतं. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार झालेला असतो आणि बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने असतात. काउंटरवरचा पेनासारखा टेस्टर दोन्हींवर सारखाच वाजतो. मीसुद्धा नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखू शकत नाही. त्यासाठी वेगळं मशीन लागतं.

आता मोडीचं. इथे आईंचं ऐका. लॅबच्या हिऱ्याचे भाव गेली काही वर्षं घसरतच आलेत, कारण माल हवा तेवढा बनवता येतो. खाणीतल्या हिऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डी बिअर्सने २०१८ मध्ये लॅबच्या हिऱ्यांचा लाइटबॉक्स हा ब्रँड काढला, भाव ठेवला हिऱ्याच्या एका कॅरट वजनाला ८०० डॉलर. २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. अंगठी परत न्याल तेव्हा बरेच सराफ फक्त सोन्याचे पैसे धरतात. काही जण खड्याचे थोडेफार देतात, तेही दुसरा दागिना घेतलात तर.

पण खाणीतल्या हिऱ्याची मोडही लोकांना वाटते तशी नसते, हे आम्ही काउंटरवर पुरेसं स्पष्ट सांगत नाही. घडणावळ गेली, जीएसटी गेला, दुकानाचा नफा गेला आणि मग खड्याला घट. ज्या पेढीवरून घेतला तिथेच नेलात तर बायबॅकच्या अटीप्रमाणे बरे पैसे मिळतात, दुसरीकडे नेलात तर आकडा ऐकून जीव हळहळतो. कडेच्या बारीक खड्यांना तर जवळजवळ कुणी विचारत नाही. अडीअडचणीला कुठल्याही गावात त्या दिवसाच्या भावाने आधार देतं ते सोनंच. म्हणून ‘हिरा म्हणजे गुंतवणूक’ असं कुणी म्हणालं, मग तो कुठलाही हिरा असो, तर त्याच्याकडून घेऊ नका.

तुमच्या बजेटचा हिशोब असा बसतो. दीड लाखात सोनं, घडणावळ धरून खाणीतला बऱ्या प्रतीचा खडा तीस-चाळीस सेंटचा (शंभर सेंटचा एक कॅरट) येईल, म्हणजे व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास. लॅबमध्ये एक कॅरटचा खडा, साडेसहा मिलिमीटरचा, बसवूनही पैसे उरतील. त्या उरलेल्या पैशांचं चोवीस कॅरटचं वेढणं घ्या आणि ते सुनेच्या नावाने आईंच्या हातात द्या. तिला हवा तसा खडा मिळेल आणि आईंची मोडीची काळजीही मिटेल.

मग खाणीतला कुणी घ्यावा? ज्याला तो पुढच्या पिढीला द्यायचाय, जमिनीतून आलेला म्हणूनच ज्याला तो प्रिय आहे आणि ज्याला कर्ज काढावं लागत नाही, त्याने जरूर घ्यावा. ही ओढ खरी असते, तिला मी नावं ठेवणार नाही. आपल्याच त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. नाशिकवरून त्याला जगात ‘नासक’ म्हणतात. पुढे पुन्हा पैलू पाडून तो ४३.३८ कॅरटचा झाला. असा खडा दुसरा होणे नाही, म्हणून त्याला मोल. शोरूममधल्या तीस सेंटच्या खड्याला मात्र ‘दुर्मीळ’ म्हणून विकतात तेव्हा मला राग येतो. तसे खडे ट्रे भरून असतात.

लॅबचा घेताना ‘ईएफ व्हीव्हीएस’, म्हणजे रंग आणि स्वच्छतेच्या वरच्या श्रेण्या, या दोन शब्दांवर भुलू नका. लॅबमध्ये ती प्रत सर्रास मिळते. सगळा खेळ कटचा असतो. पैलू चुकीच्या कोनात पडले तर महागडा रंग आणि स्वच्छता असूनही खडा मधोमध मेलेला दिसतो. गोल खडा घ्या आणि हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या रिपोर्टवर कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही ‘एक्सलंट’ किंवा ‘आयडियल’ बघा. मग तो काउंटरच्या दिव्यांखालून उचलून दाराशी, उन्हाच्या बाजूला न्या. सीव्हीडीच्या काही खड्यांत तपकिरी झाक असते, एचपीएचटीच्या काहींत निळसर, आणि काही दुधाळ दिसतात. शोरूमचे दिवे हे सगळं झाकतात. दाराशी न्यायला कुणी नाही म्हणालं तर उठा. नाशिकमध्ये सराफ बाजारापासून कॉलेज रोडपर्यंत पेढ्यांना तोटा नाही.

रिपोर्ट बहुतेकदा आयजीआय या संस्थेचा मिळेल. जीआयए या दुसऱ्या संस्थेने २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेच्या नेहमीच्या श्रेण्या देणं थांबवलं, आता ते ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असंच लिहितात. त्यामुळे दोन संस्थांचे कागद शेजारी ठेवून गोंधळू नका. रिपोर्टचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, भिंगातून तो स्वतः वाचा आणि तिथेच मोबाइलवर संस्थेच्या साइटवर टाकून बघा.

बिल पक्कंच घ्या. त्यात दागिन्याचं एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं कॅरटमधलं वजन वेगवेगळं हवं. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेवढं एकूण वजनातून वजा झालंय का ते बघा. खड्यापुढे ‘लॅबोरेटरी-ग्रोन डायमंड’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि परतीच्या अटी तोंडी नकोत, बिलावरच हव्यात. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याची हमी तो देत नाही. अठरा कॅरटला ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक, बघा, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

ती नर्स आहे, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. दिवसभर हातमोजे घालायचे-काढायचे. उंच बसवलेला खडा हातमोजा फाडतो, किंवा हातमोजा खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्यांमध्ये अडकतो. ड्यूटीवर अंगठी काढूनच ठेवावी लागेल, तरी बैठक बुटकी ठेवा. चार नख्यांपेक्षा सहा बऱ्या, किंवा खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेली घडण घ्या. बावीस कॅरटचा आग्रह धरू नका, ते मऊ असतं, नख्या लवकर वाकतात. आणि हिरा फुटत नाही या समजुतीवर राहू नका. त्यावर सहजी ओरखडा पडत नाही, पण नेमक्या जागी ठोका बसला तर टवका उडतो, मग तो लॅबचा असो वा खाणीतला.

लॅबचा हिरा पर्यावरणाला चांगला, असंही तुम्हाला सांगतील. त्याला वीज खूप लागते, आणि ती कशापासून बनली यावर सगळं अवलंबून. त्या एका मुद्द्यावर निर्णय घेऊ नका.

आईंना दुकानात सोबत न्या आणि हा लॅबचा आहे हे आधीच मोकळेपणाने सांगा. साखरपुड्यात कुणा पाहुण्याकडून त्यांना ते कळायला नको. भिंग त्यांच्या हातात द्या, कडेवरचा नंबर त्यांनाच वाचू द्या, आणि वेढणं त्याच बिलात घ्या.