माहीमचे चर्च जुने की नवे?

प्रश्न : मुंबईला मुलीकडे गेलो असता माहीमचे सेंट मायकल चर्च पाहण्याचा योग आला. हे चर्च १५३४ सालचे असल्याचे सांगतात. पण इमारत अगदी अलीकडची दिसते. मग हे जुनेपण कशावरून मानायचे? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. आज उभी असलेली वास्तू १९७३ सालची आहे. १५३४ हे साल त्या जागी उपासना सुरू झाल्याचे मानले जाते. त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहान्वये मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि त्यांच्यामागून आलेल्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी माहीमला चर्च उभारले. माहीम तेव्हा खरोखरच बेट होते. वांद्र्याला जोडणारा रस्ता खाडीवर १८४५ मध्ये झाला, तोवर पलीकडे जायचे तर होडीच करावी लागे.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरील मोत माऊलीची (माउंट मेरीची) मूर्ती माहीमच्या याच चर्चमध्ये आणून ठेवली गेली आणि १७६१ पर्यंत ती तेथेच होती, असे परंपरा सांगते. कोल्हापूरकरांना हे परके वाटू नये. आपल्या अंबाबाईची मूर्तीही आक्रमणांच्या काळात लपवून ठेवावी लागली होती आणि १७१५ मध्ये तिची देवळात पुन्हा स्थापना झाली. देऊळ तेच राहिले आणि मूर्ती हलली, किंवा मूर्ती तीच राहिली आणि भिंती बदलल्या, तरी भाविकांच्या लेखी स्थान खंडित होत नाही. माहीमच्या जुनेपणाकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या चर्चवरून मोठा कलहही झाला आहे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर धर्माधिकारी नेमण्याचा जो हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतरही तो हक्क मानणारे आणि थेट रोमने नेमलेल्या बिशपांना मानणारे असे दोन पक्ष येथील कॅथलिकांमध्ये पडले होते. १८५३ मध्ये रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियस हार्टमन हे चर्च सोडण्यास नकार देऊन आत ठाण मांडून बसले आणि विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. पंधरा दिवसांनी सरकारी अधिकाऱ्यांनी दारे उघडली आणि चर्च पाद्रोआदोच्या ताब्यात गेले. एका धर्मग्रामातील, म्हणजे एकाच चर्चच्या परिसरातील, माणसे एकमेकांविरुद्ध अशी उभी ठाकावीत, हे आजही वाचताना क्लेश होतात.

येथे दर बुधवारी होणारी नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना, मात्र फार जुनी नाही. निरंतर सहाय मातेची ही प्रार्थना येथे ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. आपण बुधवारी गेला असाल, तर रांगेत मेणबत्त्या आणि हार घेऊन उभ्या असलेल्यांमध्ये कॅथलिकांइतक्याच आस्थेने आलेले हिंदू आणि इतर धर्मांचे भाविकही आपण पाहिले असतील.