सगळ्यांचा फोन मलाच का येतो?

लातूर, नांदेड, परभणीकडचे छोटे कारखानदार माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते झोप लागत नाही, चिडचिड होते, छातीत धडधडतं अशा तक्रारी घेऊन. थोडं बोलणं झालं की त्यातले बरेचजण एकच प्रश्न विचारतात: 'कामं बघायला चांगला माणूस ठेवला, त्याला पगार देतो, तरी सगळं मलाच बघावं लागतं. माणूस चुकीचा निवडला की माझंच काही चुकतंय?'

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लातूरच्या एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डाळमिल, गोदामं, जिनिंग यांच्यासाठी लोखंडी शेड उभी करून देतात. वडिलांनी एका वेल्डिंग मशिनवर सुरू केलेला धंदा आता पाच-सहा साइटवर एकाच वेळी चालतो. हिशेब पत्नी बघतात. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ऑपरेशन्स बघायला एक इंजिनिअर ठेवले होते. मूळचे औशाकडचे, चाकणला नोकरी केलेले, आई-वडिलांसाठी गावाकडे परतलेले. मालक सांगत होते, "मॅडम, हुशार आहे माणूस, खोट नाही त्याच्यात. पण पोरं त्याला विचारतच नाहीत. दिवसभर मीच फोन उचलायलो."

तेवढ्यात फोन वाजलाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. उदगीरच्या साइटवरचा सुपरवायझर होता. फाउंडेशनमधले अँकर बोल्ट, म्हणजे खांब धरून ठेवणारे बोल्ट, अर्धा इंच सरकले होते; त्यांच्यावर कॉलमची बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची भोकं पाडलेली प्लेट, बसत नव्हती. गॅसनं भोक वाढवू का, असं तो विचारत होता. मालक म्हणाले, "कर, क्रेन उभी हाय." वीस सेकंदांत विषय संपला. जरा वेळानं इंजिनिअर साहेबांचा फोन आला. त्यांनी सकाळीच त्या सुपरवायझरला थांबायला सांगून फोटो पुण्याच्या डिझायनरकडे पाठवले होते. उत्तर यायच्या आत भोक कापून झालं होतं.

त्या सुपरवायझरला मी दोष देणार नाही. आई नको म्हणाली की पोरं बापाकडे जातात, आणि बापानं एकदा हो म्हटलं की पुढच्या वेळी आईला विचारतच नाहीत. साइटवर दुसरं काय चाललं होतं?

मी त्यांना आठवडाभर फोनची नोंद ठेवायला सांगितली. ठेवली वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खतावणीसारखी: कोणाचा फोन, कशासाठी आणि दुसऱ्या कुणाला उत्तर देता आलं असतं का. बहुतेक फोन इंजिनिअर साहेबांच्या अखत्यारीतले निघाले. काहींची उत्तरं तर त्यांनी आधीच दिली होती. ती आवडली नाहीत म्हणून मालकाला फोन. वही बघून मालक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण फोन नाही आला तर मी दिवसभर करू काय?"

मला हे वाक्य हवंच होतं. बाहेरून दिसते ती सोपवण्याची अडचण. आत बघितलं तर वडील सांगायचे, लोखंडावरची नजर हटली की त्याला पाय फुटतात. आणि मागे एका जुन्या माणसानं भंगार परस्पर विकलं होतं, त्याचा सल. शिवाय 'मालक' ही हाक ऐकायची सवय. असल्या सवयी नियमानं सुटत नाहीत, बदली काम द्यावं लागतं. त्यांच्याकडे ते होतंच. वसुली वर्षानुवर्षं तुंबली होती.

पुढच्या भेटीला इंजिनिअर साहेबांनाही बोलावलं. माणूस मितभाषी. बोलले ते एवढंच: "काम माझ्याकडं हाय, पण कागद नाही." पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, किती रुपयांत ठरलं, ॲडव्हान्स किती आला, तारीख कोणती दिली, यातलं काहीच त्यांना माहीत नसायचं. अहमदपूरच्या एका लग्नात मालकांनी जेवणाच्या पंगतीत 'तूर यायच्या आत शेड उभं करतो' असा शब्द देऊन टाकला होता. साहेबांना तो पार्टीच्या तोंडून साइटवर कळला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत फाउंडेशनचे खड्डे पाण्यानं भरतात, खरी कामं दसऱ्यानंतर पळतात आणि संक्रांतीच्या आसपास तुरीची आवक सुरू होते. या एवढ्याशा फटीत कोणती साइट आधी घ्यायची हे ज्याला ठरवायचं, त्यालाच तारखा माहीत नाहीत. वर दिवसभर वर्कशॉपही तेच सांभाळायचे. वर्कशॉप रोज चालतं, साइटला शेवटची तारीख असते. एकाच माणसावर दोन्ही टाकली की समोर दिसणारं काम आधी होतं आणि साइट मागे पडते.

म्हणून आधी वर्कशॉपची रोजची कामाची विभागणी जुन्या फोरमनकडे दिली. मग मालकांना म्हटलं, चालू साइटना हात लावू नका, तिथे तुमचा शब्द गेलेला आहे. साहेबांना नवं काम द्या, ऑर्डर ठरते त्या दिवसापासून. अंबाजोगाईच्या गोदामाचं काम यायचंच होतं. एका पानावर मराठीत लिहिलं: एका खरेदीला २५,००० रुपयांपर्यंत साहेबांनी विचारायचं नाही, दर आणि वसुली मालकांची, आणि साहेबांना विचारल्याशिवाय मालकांनी कुणालाही तारीख द्यायची नाही. या शेवटच्या ओळीवर सही करताना मालकांचं पेन अडलं. सोमवारी सकाळी अर्धा तास दोघांनी वर्कशॉपमध्ये बसायचं, साइटवर नाही. साइटवर मालक दिसले की सगळे त्यांच्याभोवती गोळा होतात. आणि सुपरवायझरचा फोन आला तर उत्तर एकच: "साहेबांना विचारलं का?"

पहिले काही दिवस मालक घराच्या मागच्या अंगणात जाऊन चोरून फोन घ्यायचे. हे वहिनींनी सांगितलं, हसत हसत.

अंबाजोगाईला चूक झालीच. ट्रस, म्हणजे छताचा लोखंडी सांगाडा, चढायच्या आधीच ड्रॉइंगवरून पत्र्याची ऑर्डर गेली. पन्हाळीच्या बाजूचे पत्रे आखूड पडले, क्रेनचं एका दिवसाचं भाडं फुकट गेलं. मालकांचा मला फोन: "आता पुन्हा मीच बघतो." मी एवढंच विचारलं, तुमच्या हातून असे पत्रे कधी आखूड आले नाहीत का? आले होते. सोमवारच्या बैठकीत साहेबांनीच ठरवलं की यापुढे ट्रस चढल्यावर जागेवर टेप लावून मगच पत्रा मागवायचा. तो नियम आता सगळ्या साइटना आहे. क्रेनच्या भाड्याचा विषय मालकांनी त्या बैठकीत काढला नाही. माझ्या मते त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

मला नेहमी विचारतात, एवढं सगळं दिल्यावर तो माणूस सोडून गेला तर? जाऊ शकतो. म्हणून पुरवठादारांचे नंबर, दर आणि ड्रॉइंग हे सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असावं, कुणा एकाच्या मोबाईलमध्ये नाही. सोमवारी दोन सुपरवायझरही बसतात, म्हणजे काम एकट्याच्या डोक्यात राहत नाही. शिवाय वेळेत उभ्या झालेल्या प्रत्येक शेडमागे साहेबांना ठरलेली रक्कम मिळते. ती वहिनींनी सुचवली.

गोळी सुरू आहे, तिचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. वसुली हलली आहे. अहमदपूरच्या जुन्या पार्टीचे फोन मात्र अजून मालकच घेतात. ते आम्ही तसंच ठेवलं. वीस वर्षांची ओळख आहे आणि ती पार्टी साहेबांचं ऐकून घेणारही नाही.