कॅसिनो, सट्टा आणि कर : दरापेक्षा कर कशावर लागतो ते आधी बघा

तुमचे प्रश्न तीन आहेत. गोव्यात कॅसिनो चालतात, मग महाराष्ट्रात का नाहीत? जुगार बेकायदा असेल तर सरकार त्यावर 40 टक्के जीएसटी कसा घेतं? आणि क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करून कर लावला तर तिजोरी भरणार नाही का? मी बरीच वर्षं अप्रत्यक्ष कराचंच काम करतो, त्यामुळे मधल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

पहिला प्रश्न सोपा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यांकडे दिलाय (राज्यसूची, नोंद 34). महाराष्ट्रात आजही मुळातला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. गंमत म्हणजे कॅसिनोंना परवाने देऊन त्यांच्यावर कर लावण्याचा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्येच मंजूर केला होता. तो अंमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही, कोर्टात याचिका झाल्या, आणि शेवटी 2023 मध्ये सरकारने तो रद्द केला. गोव्याचाही जुगारविरोधी कायदा 1976 चाच. पण त्यांनी 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट करून दिली आणि पुढे जहाजावर टेबलावरच्या खेळांनाही. मांडवीत ती जहाजं उभी दिसतात त्याचं कारण हे. पर्यटकांना नदीची हवा मिळावी म्हणून ती तिथे नाहीत, टेबलावर पत्ते वाटायला कायद्याने जहाज लागतं म्हणून आहेत.

आता कर. कर घेतला म्हणजे सरकारने धंद्याला मान्यता दिली, असा समज फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे. 2023 मध्ये जीएसटी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा स्पष्ट लिहिलं गेलं की जुगारावर बंदी घालणाऱ्या किंवा त्याचं नियमन करणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कायद्याला यामुळे बाध येणार नाही. आयकराचंही तेच. उत्पन्न बेकायदा मार्गाने आलं म्हणून ते करमुक्त होत नाही. पोलीस आणि कर खातं दोघंही एकाच माणसाच्या दारात येऊ शकतात.

पण खरी मेख आहे ती कर कशावर लागतो यात. रुलेट घ्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावरचा जुगार. एक शून्य असलेल्या चाकावर 37 खाने असतात आणि एका आकड्यावर लावलेले पैसे 35 पट मिळतात, शिवाय लावलेली रक्कम परत. समजा तुम्ही प्रत्येक खान्यात 100 रुपये ठेवलेत. लावले 3,700, हातात येणार 3,600. कॅसिनोला उरले 100, म्हणजे 2.7 टक्के. आता लावलेल्या रकमेवर 40 टक्के कर धरा : 1,480 रुपये. ज्या डावात मालकाला 100 सुटतात, त्यात 1,480 कर! प्रत्येक डावावर असा कर लावला तर चाक दुसऱ्यांदा फिरणारच नाही. कॅसिनोला उरलेल्या 100 वर लावला तर तोच कर 40 रुपये होतो.

आपल्याकडे मधला मार्ग काढलाय. 1 ऑक्टोबर 2023 पासून कर लागतो तो आत जाताना घेतलेल्या चिप्सच्या (पैशांऐवजी लावायच्या टोकनांच्या) किमतीवर. 10,000 च्या चिप्स घेतल्यात तर तेव्हाच्या 28 टक्क्यांनी 2,800, आणि 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या 40 टक्क्यांनी 4,000. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्यात तर त्यावर परत कर नाही. मात्र शेवटी उरलेल्या चिप्स काउंटरवर देऊन पैसे घेतलेत तरी त्यांच्यावरचा कर सुटत नाही. या 40 मधले 20 केंद्राचे, 20 राज्याचे.

कंपनीच्या कमिशनवर कर की खेळणाऱ्यांकडून जमा झालेल्या सगळ्या रकमेवर, या एका मुद्द्यावरून गेम्सक्राफ्ट या ऑनलाइन रमीच्या कंपनीला सुमारे 21 हजार कोटींची नोटीस गेली होती. मे 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दर दोन्ही बाजूंना मान्य असता, तरी भांडण तेवढंच मोठं राहिलं असतं.

म्हणून ‘न्यूयॉर्कमध्ये मोबाइलवरच्या सट्ट्यावर 51 टक्के कर आहे, आपले 40 काय जास्त?’ असा युक्तिवाद कुणी केला तर विचारा, 51 टक्के कशाचे? तिथे तो बक्षिसं वाटून कंपनीकडे उरलेल्या रकमेवर आहे. नेवाडात (लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे) त्याच प्रकारच्या रकमेवर कॅसिनोंना जास्तीत जास्त 6.75 टक्के. आकडे शेजारी मांडून तुलना होत नाही.

आता तुमचा क्रिकेटचा प्रश्न. बेकायदा बुकी एक पैसाही कर भरत नाही. लगाई-खाईच्या, म्हणजे एखाद्या संघाच्या बाजूने आणि विरुद्ध पैसे लावायच्या, भावांत जो फरक असतो त्यावर त्याचं पोट चालतं. कायदेशीर दुकानाने गिऱ्हाइकाच्या प्रत्येक रुपयावर कर कापला तर त्याचा भाव बुकीपेक्षा वाईटच येणार, आणि लावणारा भाव बघतो. ब्रिटनने हे भोगलंय. तिथे पैजेवर कर होता तेव्हा बड्या बुकींनी फोनवरचा धंदा कमी कराच्या जिब्राल्टरला हलवला. 2001 मध्ये सरकारने पैजेवरचा कर काढून बुकीच्या ढोबळ नफ्यावर, म्हणजे बक्षिसं वाटून उरलेल्या रकमेवर, 15 टक्के लावला. त्यामुळे नुसतं ‘कायदेशीर करा, तिजोरी भरेल’ हे मला पटत नाही. 40 टक्के दर्शनी, म्हणजे लावलेल्या पूर्ण रकमेवर ठेवून सट्टा खुला केलात तर बुकी आहे तिथेच राहील.

तसंही ऑनलाइनचं दार आता केंद्रानेच लावलंय. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. विधी आयोगाने 2018 मध्ये म्हटलं होतं की सट्टा रोखता येत नसेल तर त्याचं कडक नियमन करा. कायदेमंडळांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट सांगतो. गोव्यात 2020 मध्ये स्थानिकांना कॅसिनोत बंदी झाली तेव्हा गेमिंग कमिशनर म्हणून नेमला गेला तो राज्याचा कर आयुक्त. ज्याचं काम वसुली वाढवणं, त्यानेच गिऱ्हाइकाला दारात अडवायचं! नेवाडात परवाने आणि देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ आणि आयोग आहे. सिंगापूरमध्ये नागरिकाला आत जायलाच दिवसाचे 150 सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, आणि घरच्यांनी अर्ज केला तर त्याला प्रवेशबंदीही होऊ शकते. आपल्याकडे नवरा पगार हरून येतो तेव्हा बायकोने कुठे अर्ज करायचा? गोव्याबाहेरून येणाऱ्याच्या कुटुंबासाठी अशी खिडकीच नाही. 40 टक्क्यांतला थोडा वाटा तिथे गेला असता तर मी या कराचं मोकळ्या मनाने समर्थन केलं असतं.

शेवटी, तुम्ही स्वतः गोव्याला जाणार असाल तर : जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, मग तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी. आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. शुक्रवारी 50,000 जिंकून शनिवारी 50,000 हरलात, तर खिशात शून्य आणि विवरणपत्रात 50,000 चं उत्पन्न.