हमालाची पाठ, कारकुनाचा मणका

प्रश्न : आमचे वडील पाटण तालुक्यातून आले आणि माथाडी कामगार झाले. आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलल्यावर तिथे. तीस वर्षं पाठीवर शंभर-शंभर किलोच्या गोण्या वाहिल्या. परवा बाथरूममध्ये घसरले म्हणून एक्स-रे काढला, तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने पाठ छान आहे. धाकटे काका जन्मभर कारकून. त्यांचे मणके मात्र एकमेकांना चिकटलेत, टाचेला आणि कोपराला हाड वाढलंय. त्यांना साखर आहे, वजनही आहे. माझी मुलगी पुरातत्त्व शिकते. ती म्हणते, सांगाड्यावरून माणसाचा धंदा ओळखतात. मग हजार वर्षांनी या दोघांचे सांगाडे कुणाला सापडले, तर हमाल कोण ठरेल? (वडील शेजारच्या खोलीत आहेत, हळूच विचारतोय.)
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : काका. निदान तिशीतल्या मी तरी काकांनाच हमाल ठरवलं असतं.

मी तेव्हा शरीररचनाशास्त्र शिकवायला नुकती लागले होते. एका सांगाड्याच्या उजव्या कोपराच्या टोकाला मांजराच्या नखाएवढा काटा होता. तो वर धरून मी वर्गाला ऐटीत सांगितलं, “हा गडी ओझी उचलणारा.” डिसेक्शन हॉलचे मामा मागे टेबल पुसत होते. ते म्हणाले, “मॅडम, त्याचा डावापण तसाच आहे. गुडघ्याच्या वाट्यांनापण काटे आहेत. पेटी मीच लावतो ना त्याची.” पेटी उघडली. टाच, कंबरेच्या हाडाची कड, सगळीकडे तेच. माणूस काय गुडघ्याच्या वाटीवर गोणी घेतो?

स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, हाडाला जिथे चिकटते तिथे ताण पडतो. त्या ताणाला उत्तर म्हणून काही शरीरं नवं हाड घालतात. पण सारख्याच ताणाला दोन शरीरं सारखं उत्तर देत नाहीत. ब्रिस्टलच्या ज्युलिएट रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली उत्खननातल्या सांगाड्यांवर हेच दाखवलं. ज्यांच्या सांध्यांच्या कडेला जास्त हाड वाढलेलं, त्यांच्याच कंडरांच्या जागीही ते जास्त आढळलं. एकाच माणसात दोन्हीकडे. म्हणजे वाढ नुसती त्या-त्या जागेच्या वापराची नाही, त्या माणसाच्या घडणीचीही आहे. अशांना त्यांनी ‘हाड घडवणारे’ म्हटलं. तुमचे काका त्या जातकुळीतले. वडील नाहीत.

काकांच्या रिपोर्टवर बहुधा ‘डिश’ (DISH, या विकाराच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असं काहीतरी लिहिलं असेल. फॉरेस्टिए आणि रोतेस-केरोल यांनी १९५० साली म्हाताऱ्यांमध्ये वर्णन केलेला हा विकार. यात मणक्यांच्या पुढच्या बाजूने मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसं हाड साचतं. छातीच्या भागात ते बहुतेक उजवीकडेच असतं, कारण डावीकडे महाधमनी धडधडत असते आणि तिच्या ठोक्यापुढे हाड धरत नाही असं मानतात. ज्यांचे अवयव जन्मतःच उलट्या बाजूला असतात, त्यांच्यात हे मेण डावीकडे सापडलंय! पन्नाशीनंतर, पुरुषांत जास्त, आणि साखर व वजन यांच्याशी संबंधित.

लंडनच्या दक्षिणेला मर्टनला जुना मठ होता. तिथल्या दफनांत हा विकार इतका दिसला, की जुन्या सांगाड्यांतले रोग अभ्यासणाऱ्या टोनी वॉल्ड्रन यांनी १९८५ साली विचारलं, हा साधूंचा व्यवसायजन्य रोग तर नव्हे? धंदा कसला, तर भरपेट खाणं आणि बैठं जगणं. रामसेस दुसरा या इजिप्तच्या राजाच्या मणक्यांचं आधी दुसरंच निदान झालं होतं. नंतर तेही डिशच, असं मत पुढे आलं. त्याने काही गोण्या वाहिल्या नव्हत्या.

तुमच्या मुलीला स्पिटलफील्ड्सचं नाव सांगा. लंडनच्या त्या चर्चच्या तळघरातून १९८४ ते ८६ मध्ये सुमारे हजार सांगाडे निघाले. त्यातल्या ३८७ जणांच्या शवपेटीवर नाव-वयाच्या पाट्या होत्या. धंदा कोणाचा काय, हे कागदपत्रांतून पडताळता येत होतं. भाग रेशीम विणणाऱ्यांचा. आता विणकरांच्या बोटांचे सांधे जास्त झिजलेले दिसायला हवेत, नाही का? वॉल्ड्रन आणि मार्गारेट कॉक्स यांना तसं काहीच सापडलं नाही.

पण म्हणून काम हाडावर उमटतच नाही असं मी म्हणणार नाही. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. ही तुलना भक्कम, कारण दोन्ही हात एकाच शरीराचे. माझ्या मते सांगाडा आधी त्याच्या स्वतःशी ताडावा, शेजाऱ्याशी नंतर. काटा एकाच बाजूला, एकाच खांद्याला असेल तर कामाचा संशय घ्या. अंगभर असेल तर आधी वय विचारा, मग घडण. आणि गावच्या गाव तसं निघालं तर विहिरीचं पाणी तपासा. फ्लोराईडने स्नायुबंध हाडासारखे कडक होतात. आपल्या देशात हे १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून नोंदलं गेलं.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या सांगाड्यांना मात्र ‘धंदा काय’ हा प्रश्न विचारायची सोयच नाही. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दफनं पुष्कळ, पण बहुतेक लहान मुलांची, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत ठेवलेली. त्या वयात असले काटे नसतात. आणि मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडत. म्हणजे टाचच गायब!

काकांना एवढंच सांगा : चिकटलेला मणका साध्या पडण्यानेही मोडतो. बाथरूममध्ये धरायला दांडी वडिलांच्या आधी त्यांच्यासाठी बसवा. घास अडकायला लागला तर मानेचा एक्स-रे काढायला डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : टाचेचं हाड वाढलंय. कॅल्शियम जास्त झालं म्हणून गोळ्या बंद करू का? दूधही सोडलंय. घरात सपाट रबरी स्लिपर वापरते.
— एक गृहिणी, कळवा

उत्तर : दूध प्या. टाचेचा काटा खाण्यातल्या कॅल्शियमने वाढत नाही. तो तळपायाच्या ताणाच्या जागी वाढतो, आणि काटा असूनही न दुखणारे लोक भरपूर आहेत. माझ्या दोन्ही टाचांना आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना बोलते ती फक्त उजवी. गोळ्या ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. स्लिपर मात्र आजच बदला.