वडिलांची बुलेट आणि शोरूममधली क्लासिक

प्रश्न : काका, मी २७ वर्षांची आहे. कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते, राहायला पाटणला. रोज जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतात. सध्या अकरा वर्षांची जुनी ११० सीसी स्कूटर वापरते. माझ्या वडिलांकडे बुलेट होती. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी ती विकली. आता ते नाहीत. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायचं मनात आहे. ऑन-रोड २ लाख ३० हजारांचं कोटेशन आलंय. दीड लाख साठवलेत, बाकीचं कर्ज काढेन. पगार हातात ३८ हजार येतो. उंची पाच फूट तीन इंच. आई म्हणते, "मायलेज देणारी गाडी घे आणि उरलेले पैसे बँकेत टाक." नुसती दिसायला देखणी आहे म्हणून एवढे पैसे घालावेत का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : ताई, घ्या. पण शोरूममध्ये सही करण्याआधी दोन-तीन गोष्टी पक्क्या करा. त्यातली पहिली गोष्ट तुमच्या वडिलांच्या गाडीची आहे.

आमचं गॅरेज कोल्हापुरात, माझ्या वडिलांच्या हातचं. त्यांची स्वतःची बुलेट जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची होती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. ती चालू करणं हा एक विधीच होता. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अ‍ॅम्पिअरच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा छोटा लिव्हर ओढून किक आणखी थोडी खाली न्यायची, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा सगळा भार देऊन एकच किक. चुकलं तर किक उलटी यायची आणि पायाच्या नडगीवर बसायची. माझ्या उजव्या नडगीवर ती खूण अजून आहे. चालू झाली की गल्लीच्या टोकाला आईला कळायचं, चहा ठेवायला हरकत नाही.

तुमच्या वडिलांचीही बहुधा अशीच असणार. नव्या क्लासिकमध्ये यातलं काही नाही. क्लासिकमध्ये २०२१ साली आलेलं हे ३४९ सीसीचं इंजिन जुन्याहून पूर्ण वेगळं, नवं आहे. आत बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे जुनी थरथर गेली. पेट्रोल इंजेक्शननं जातं. किक नाहीच, बटण दाबायचं. रूप मात्र १९४८ च्या जी२ मॉडेलवरून घेतलंय: थेंबासारखी टाकी, हेडलाइटच्या वर दोन बाजूंना ते दोन छोटे पायलट दिवे. म्हणजे चेहरा आजोबांचा आणि अंग नातवाचं. वडिलांची गाडी परत मिळेल या आशेनं घेतलीत तर पहिल्याच महिन्यात मन खट्टू होईल. आणि मग कुणीतरी सांगेल, "सायलेन्सर बदल, जुना आवाज येतो." ते अजिबात करू नका. कायद्यानं चालत नाही, आणि पहाटे गावातून जाताना आजारी माणसांच्या कानात तो आवाज घुसतो. पोलिसांनी असे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील.

आता वजनाचं. माझ्याकडे येणाऱ्यांतले दहापैकी आठ जण टेस्ट राइड मारून निर्णय घेतात. चालती गाडी कुणालाही हलकीच वाटते. क्लासिकचं वजन १९५ किलो आहे, आणि ते कळतं गाडी बंद असताना. पतसंस्थेसमोर दोन गाड्यांच्या मधून मागे काढताना, पंपावर उतार असताना, घरासमोर चिखल असताना. म्हणून शोरूममध्ये असं करा. गाडी बंद, न्यूट्रलला. डाव्या बाजूला उभं राहून, सीटवर न बसता, ती दहा पावलं मागे ढकला आणि वळवा. मग डबल स्टँडवर लावा. हातानं ओढायचं नाही. उजव्या पायाची टाच स्टँडच्या कानावर ठेवून सगळा भार खाली द्यायचा, हात नुसते दिशा देतात. जमलं तर दुसऱ्यांदा करा, तिसऱ्यांदा करा. सेल्समन घाई करेल, करू दे. सीट ८०५ मिलिमीटर उंच आणि रुंद आहे. तुमच्या उंचीला दोन्ही पायांचे चवडे टेकतील, टाचा टेकतीलच असं नाही. बूट घालून जा, रोज जे घालता तेच.

आडवी पडली तर उचलायची पद्धतही आत्ताच शिकून घ्या. गाडीकडे पाठ करून बसायचं, कंबर सीटला टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोरावर मागे चालत जायचं. कमरेनं कधी उचलायची नाही. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते.

हे नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच इंजिनाची हंटर ३५० आहे, १८१ किलोची, सीट ७९० मिलिमीटर. चौदा किलोंचा फरक कागदावर छोटा दिसतो, मनगटाला मोठा लागतो. जावा ४२ ची सीटही क्लासिकपेक्षा कमी उंचीची आहे. ती घेणार असाल तर सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी बघा. मी हे अनुभवानं सांगतो. माझ्या पुतणीनं एका कंपनीची फार देखणी रेट्रो, म्हणजे जुन्या रूपाची नवी गाडी घेतली. एक साधा सेन्सर गेला, तो यायला सात आठवडे लागले. सात आठवडे ती गाडी माझ्या शेडमध्ये चादरीखाली उभी, आणि पोरगी एसटीच्या रांगेत. रंग-रूप बघताना हे कुणी विचारत नाही.

चाकांचं मी जरा ठासून सांगणार आहे. क्लासिकच्या बहुतेक रंगांना तारांची चाकं येतात, आत ट्यूब असते. दिसायला तीच खरी, मलाही तीच आवडतात. पण ट्यूब पंक्चर झाली की हवा एकदम जाते, चाक काढल्याशिवाय काम होत नाही, आणि संध्याकाळी सातला पाटणच्या अलीकडे तुम्ही एकट्या असाल. 'डार्क' मालिकेतल्या रंगांना अ‍ॅलॉय व्हील, म्हणजे तारा नसलेली ओतीव चाकं, आणि ट्यूबलेस टायर मिळतात. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गावापर्यंत येता येतं, काढायला दहा मिनिटं लागतात. शिवाय कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस. चार महिने तारांच्या बुडाशी पाणी साचतं आणि तिथूनच गंज धरतो. पुसायला तुम्हाला वेळ कुठून मिळणार? अ‍ॅलॉयच घ्या. क्रोम जितकं कमी, तितकं तुमच्या भागात बरं.

आता आईंचा मुद्दा. त्यांचा हिशेब बरोबर आहे, म्हणून तो नीट मांडतो. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १,७५० किलोमीटर. क्लासिक ३५ चा मायलेज देईल असं धरू: ५० लिटर, लिटरला १०५ धरून सव्वापाच हजार रुपये. साठचा मायलेज देणाऱ्या गाडीला तीन हजारांच्या जरा वर. फरक महिन्याला बावीसशे, वर्षाला सव्वीस हजार. कर्ज ऐंशी हजारांचं, तीन वर्षांचं काढलं तर हप्ता अडीच-पावणेतीन हजार. चेन, टायर, सर्व्हिसिंग, विमा यांसाठी दीड हजार बाजूला काढावेच लागतील. सगळं मिळून साडेनऊ हजार, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. हा आकडा कागदावर लिहून आईंसमोर ठेवा. लपवू नका. "मायलेज देते गं" असं खोटं सांगून घेतलेली गाडी दर पेट्रोलच्या पावतीला घरात भांडण लावते.

वॉरंटीचंही बघा. तीन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमच्या धावण्यात ते सतरा महिन्यांतच संपतं. वाढीव वॉरंटी इतरांना मी सहसा सांगत नाही, तुम्हाला सांगतो. आणि कोटेशन जुनं असेल तर नवं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागतो. म्हणून कुणी चारशे सीसीचा मोह घातला तर तूर्त नको.

जुनी स्कूटर विकू नका. तिचे फार पैसे येणार नाहीत, आणि मुसळधार पावसात, बाजारहाटाला तीच कामाची. पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्या, पावसात त्याहून लवकर. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला, ती चुकवू नका.

मग दोन लाख तीस हजार कशाचे? थोडे इंजिनाचे, थोडे नावाचे, आणि बरेचसे त्या रूपाचे. मी चाळीस वर्षं गाड्या उघडतोय, तरी रूपाला पैसे मोजणं मला कधी वाया गेलेलं वाटलं नाही. जी गाडी आवडते तिची चेन माणूस वेळेवर साफ करतो. माझ्याकडे मायलेजच्या गाड्या येतात त्यांचं ऑइल डांबरासारखं काळं झालेलं असतं, कारण मालकाला तिच्याकडे बघावंसंच वाटत नाही. तुमच्या वडिलांनी तुमच्या फीसाठी गाडी विकली. त्या फीतून आलेल्या पगारावर तुम्ही ती घेताय. डिलिव्हरीच्या दिवशी आईंना बरोबर न्या आणि पहिल्यांदा मागे त्यांनाच बसवा.

प्रश्न : नातू १९ वर्षांचा आहे, त्याला रेट्रो गाडी हवी. ओळखीत एकाची १९८० च्या दशकातली येझदी विकाऊ आहे. नव्या नकलेपेक्षा खरी जुनी बरी नाही का?
– निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : सर, नातवासाठी नाही. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही, आणि आजचा हायवे त्या काळचा नाही. त्याला नवीच घेऊन द्या.

तुमच्यासाठी मात्र बघायला जरूर जा. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तरी ही टू-स्ट्रोक इंजिनं इतकी साधी आहेत की जाणता मेकॅनिक अजून त्यांना नीट चालवतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून टाकायला लागतं, आणि किकचाच लिव्हर पुढे वळवला की गिअरचा होतो, हे तुम्हाला आठवत असेलच. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा, खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का आणि ते कधीपर्यंत आहे, तेही पाहा. आणि मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, गाडी मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिनावर हात ठेवा, मग पहिली किक तुमच्यासमोर मारायला सांगा.