ईसीजी नॉर्मल आला, मग झालं ना?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही साखळीला राहतो. माझे मिस्टर 47 वर्षांचे, सासऱ्यांना 51 व्या वर्षी अटॅक आला आणि ते त्यातच गेले. मी मागे लागून लागून यांचा ईसीजी काढायला लावला, तो नॉर्मल आला, तेव्हापासून 'बघ, काही नाही' हेच ऐकवतात. दिवसाला दोन-तीनच सिगरेटी ओढतात. बीपी एकदा 146/92 आलेला, पण तो म्हणे टेन्शनमुळे. खरंच काळजी नको का? माझं तसं काही नाही, 44 पूर्ण झाली, धाकट्याच्या वेळी तेवढा बीपी वाढला होता, नंतर उतरला.

उत्तर : ताई, तुम्ही मागे लागलात ते बरंच केलंत. पण ईसीजीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही हो. टेबलावर झोपल्यावर काही सेकंद हृदय कसं चाललं होतं तेवढंच त्या कागदावर येतं, रक्तवाहिनीत चरबी साचायला लागलेली असली तरी तो नॉर्मल येऊ शकतो. आपल्याला बघायचंय ते पुढच्या दहा वर्षांचं, आणि ते एका टेस्टवर ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत, 40 ते 74 वयासाठी. वय, स्त्री की पुरुष, सिगरेट, वरचा बीपी, आणि साखर-कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट असला तर तो, नसला तर उंची-वजन, एवढ्यावर दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता किती टक्के ते निघतं. 10 टक्के आले तर अशा शंभर माणसांतल्या दहांना, असा त्याचा अर्थ. पण त्या तक्त्यात सासऱ्यांचा अटॅक कुठेच मोजलेला नसतो! वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत झालं असेल तर आलेला आकडा कमीच धरलेला आहे असं समजायचं. त्यात आपली माणसं, 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला.

आणि 'दोन-तीनच' सिगरेटी हे मला अजिबात पटत नाही. दिवसाला एक ओढणाऱ्याचाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. कमी नको, बंदच.

टेन्शनचा बीपी की खरा, ते घरीच कळेल. दंडावर बांधायचं मशीन घ्या. आधी अर्धा तास चहा-सिगरेट नको, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, तुम्हीसुद्धा तेव्हा काही विचारायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस, आणि आकडे एका वहीत लिहायचे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, 135/85 किंवा वर असेल तर तो टेन्शनचा नाही. कमरेला टेपही लावा, पँटच्या पट्ट्यावर नाही, बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्याच्या आत पाहिजे. जेवणात सुकी मासळी, लोणचं, पापड एकाच ताटात येतात का तेही बघा, दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही.

आता तुमचं. 'माझं तसं काही नाही' ह्या वाक्यापाशी मी थांबलो, कारण गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, बाळंतपणानंतर उतरला तरी. हे कुणी सांगतच नाही, आणि बायका नवऱ्याचे रिपोर्ट सांभाळत राहतात. तेव्हा वहीत दुसरा रकाना तुमचा. दोघांची उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट) करा, यांचं एकदा लायपोप्रोटीन-ए (घराण्यातून येणारा, कोलेस्टेरॉलसारखाच रक्तातला घटक) सुद्धा, आणि ती वही घेऊन जवळच्या हेल्थ सेंटरवर जा.

मधल्या काळात छातीत दाब, घाम, किंवा तोंड वाकडं, एक हात उचलेना, बोबडं बोलणं असं काही झालं तर गाडी शोधत बसू नका, लगेच 108. आणि हेल्थ सेंटरवर केसपेपर काढताना दोन काढा.