३ नंबरचा बावटा, इशारा आणि ‘सूचना’

हर्णैच्या एका वाचकाने विचारले आहे: “‘बंदरावर ३ नंबरचा बावटा, समुद्रात न जाण्याच्या सूचना’ अशी बातमी वाचली. बंदरावर झेंडा मात्र कुठेच नव्हता. मग बावटा म्हणजे नेमके काय? आणि सूचना, इशारा, आवाहन यांत फरक आहे की सगळे एकच?”

बावटा म्हणजे निशाण. गिरण्यांतल्या कामगारांचा ‘लाल बावटा’ तो हाच आणि रेल्वेचा गार्ड दाखवतो तो हिरवा बावटाही हाच. बंदरावर मात्र कापड नसते. दिवसा डोलकाठीवर शंकूच्या नि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवतात आणि रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. बोलताना तरीही ‘बावटा लागला’ असेच म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

खुणांचे क्रमांक ११ पर्यंत जातात. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदर सोडून जाणाऱ्यांनी जपावे. ३ लागला की वादळी वाऱ्याची भीती खुद्द बंदराला असते. ५ पासून धोका, ८ पासून मोठा धोका. पण ५ पेक्षा ६ भयंकर असा हिशेब करू नये. ५, ६, ७ यांतला फरक वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार, की थेट बंदरावरून, एवढाच आहे. ८, ९, १० चेही तसेच. ११ वेगळाच: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडेल असे बंदर अधिकाऱ्याला वाटते आहे. आपल्यापर्यंत खबर पोचत नाही, हेही लोकांना सांगायची सोय या यादीत आहे, याचे मला फार मोल वाटते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर वीज आणि मोबाइल बंद पडून गावेच्या गावे कितीतरी दिवस बातमीला पारखी झाली होती. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ११ चा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग या आकड्यांहून निराळे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

आता ‘सूचना’. बातमीतला सगळ्यात घोटाळ्याचा शब्द हाच. ‘पालकमंत्र्यांनी सतर्क राहण्याच्या सूचना दिल्या’ या वाक्यातल्या सूचना बहुतेक वेळा तहसीलदार, पोलीस, बंदर खाते यांना दिलेल्या असतात. वाचणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मात्र त्या आपल्यालाच वाटतात. ‘निर्देश’चीही तीच गत. सूचना कोणाला दिल्या हे लिहिल्याशिवाय हा शब्द वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे.

इशारा पुढचा धोका सांगतो. होडी काढायची की नाही हे ठरवणे तुमच्यावर सोडतो. आवाहन ही विनंती आहे. ती मोडली म्हणून कोणी दंड करत नाही. (आणि ते ‘आव्हान’ नव्हे. ‘पोलिसांचे नागरिकांना आव्हान’ छापले की पोलीस लोकांना ललकारतात असा अर्थ होतो.) आदेश मात्र बांधून घालतो. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारी बंदी किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचा मनाई आदेश मोडला तर कारवाई होते. बंदीच्या बातमीत ‘आवाहन’ लिहिले तर मच्छीमार ती ऐच्छिक समजेल आणि दंड त्यालाच बसेल.

तुम्ही वाचलेली बातमी, ती विनंतीच असेल तर, मी अशी लिहिली असती: ‘बंदरावर ३ नंबरचा बावटा, वादळी वाऱ्याचा इशारा, होड्या समुद्रात न नेण्याचे मच्छीमारांना आवाहन.’ आदेश निघालेला असेल तर ‘मच्छीमारांना समुद्रात जाण्यास मनाई’, आणि तो कोणी काढला, कधीपर्यंत लागू आहे, हे पहिल्याच ओळीत.